खार, कोल्हा की डोंगर

आमच्या घरात मिक्सर घ्यायचा असो नाहीतर नळाची तोटी, आधी माझा कागद तयार होतो. डावीकडे गरजा, वर पर्याय, मधल्या चौकोनांत बरोबरच्या खुणा नाहीतर फुल्या. ज्याच्या खुणा जास्त ती वस्तू घरी येते. शाळेच्या ऑफिसात इतकी वर्षं काढल्यावर हिला चौकोनांशिवाय विचारच करता येत नाही, असं नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. मी त्याला एवढंच विचारते, तुमचं तरी चौकोनांशिवाय कुठं चालतं? तो साड्यांच्या काठापदराची डिझाइनं काढतो, ग्राफच्या कागदावर, एकेक बारीक चौकोन रंगवत.

आम्ही सीमाभागातल्या वडगावात राहतो. आमच्या गल्लीत गजर लावावा लागत नाही. सकाळ झाली की शेजारचे यंत्रमाग सुरू होतात आणि मांडणीवरच्या वाट्या थरथरायला लागतात. नवऱ्याचा स्वतःचा माग नाही. सासऱ्यांचा होता, तो मोठ्या दिरांकडं गेला. ह्याच्या वाट्याला आली ग्राफ काढायची विद्या, लाल शाईची बाटली आणि दुखरी पाठ. कागदावरचा एक चौकोन म्हणजे कापडातला एक धागा. चौकोन रंगवला तर मागावर तो धागा वर उचलला जातो, कोरा ठेवला तर खाली राहतो. त्या कागदावरून पंचिंगवाला पुठ्ठ्यांना भोकं पाडतो, पुठ्ठ्यांची माळ मागावर चढते आणि माग ती भोकं बघत विणत जातो.

लग्नानंतर बरेच दिवस मला वाटायचं की हा माणूस कुठलंही काम पुरं करत नाही. टेबलावर कायम अर्धं कमळ, अर्धी कुंडी, अर्ध्या देवळाचा अर्धा कळस. एकदा न राहवून विचारलं तेव्हा त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी पोळीला दुसरी बाजू असते का असं विचारलंय. आमच्याकडच्या मागावर काठाचे धागे आरशासारखे जोडून बांधलेले असतात. एका बाजूला जे उमटेल तेच उलट होऊन दुसऱ्या बाजूला आपोआप उमटतं. म्हणून कागदावर अर्धंच काढायचं. उरलेलं अर्धं माग काढतो. कमळ पुरं कसं दिसतं ते काढणाऱ्याला कापड विणून आल्यावरच कळतं, आणि बऱ्याचदा तेव्हाही नाही, कारण साडी परस्पर दुकानात जाते.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना श्रावणात शहापूरचे साडीमालक घरी आले. नवऱ्याचं बहुतेक काम ह्यांचंच. मालक चहा बशीत ओतून पितात आणि अवघड गोष्ट असेल तर बशी खाली ठेवल्यावर बोलतात. त्या दिवशी बशी ठेवली आणि म्हणाले की त्यांचा पंचिंगवाला आता कागद घ्यायला तयार नाही. त्याच्याकडं नवं मशीन आलंय, त्याला कॉम्प्युटरची फाइल लागते. दिवाळीच्या साड्यांचं कागदावर भागवू. दसऱ्यानंतर फाइल असेल तरच काम. ते वाईट वाटून बोलत होते हे मला दिसत होतं. जाताना त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, जो त्यांनी कधी ठेवला नव्हता, आणि मला तेच जास्त लागलं.

बातमी कोगनोळीला पोचायला वेळ लागला नाही. कोगनोळीला नवऱ्याची थोरली बहीण असते. तिला सगळे आक्का म्हणतात. आक्काच्या यजमानांना हा दाजी म्हणतो, म्हणून मीही दाजीच म्हणते. हायवेला लागून, चेकपोस्टच्या जवळ त्यांचं हॉटेल आहे. ट्रकवाल्यांची जेवणं, एसटी थांबली की भजी, आणि गल्ल्यावर स्वतः दाजी. त्यांना गुडघ्याचा त्रास सुरू झाल्यापासून ते गल्ल्यावर बसायला घरचा माणूस शोधत होते. त्यांना तो आता सापडला होता.

"पेन्सिल ठेव आता देव्हाऱ्यात आणि ये हिकडं," दाजी फोनवर म्हणाले. त्यांचा फोन स्पीकरवर न लावताही स्पीकरवर असतो. "हितं बी कागदच हाय रं. फकस्त त्यावर फुलं न्हाईत, आकडं हाईत."

एरवी दाजींच्या अशा बोलण्यावर नवरा काहीतरी उलटं बोलून हसवतो. त्या दिवशी तो म्हणाला, "दसऱ्यापतोर सांगतो, दाजी."

दसऱ्याच्या आत हा कॉम्प्युटरवर काठ काढायला शिकला नाही, तर ह्याचं चित्र काढणं थांबलं. मग तो कोगनोळीला भज्यांचे पैसे घेणार आणि रविवारी घरी येऊन गप्प बसणार. हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मी कागद आणि पट्टी घेऊन बसले.

आधी पैसे घेऊन मिळणारी सॉफ्टवेअरं बघितली. ती विकत मिळतच नाहीत, दर महिन्याला भाडं भरायचं असतं. नवऱ्यानं ते दोनदा वाचायला लावलं. "म्हंजे भाड्याचा ब्रश? आणि एका महिन्यात भाडं न्हाय दिलं तर माझंच फूल मला बघू द्यायची न्हाईत?" मी त्या रकान्यावर फुली मारली. मग खडेबाजारातल्या कॉम्प्युटर दुकानदारानं मोठ्या मनानं सांगितलं की तेच सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून फुकट घालून देतो, सगळेच घालून घेतात. दर वर्षी ऑडिटरसमोर उभं राहणाऱ्या बाईला 'सगळेच घेतात' असं सांगू नये. दुसरी फुली.

राहिलं ओपन सोर्स. हे काय असतं ते मी आमच्या शाळेच्या संगणकाच्या बाईंकडून समजून घेतलं. घरी येऊन सांगितलं, तर नवऱ्यानं मान डोलावली आणि दाजींनी फोनवर डोकं धरलं असावं. फुकट देणारा मागल्या दारानं काहीतरी नेतोच, हे त्यांचं हॉटेलच्या धंद्यातलं ज्ञान. मी म्हटलं, दाजी, तुमच्या गल्लीत लग्नाची भांडी असतात का नाही? मंडळाची. मोठी पातेली, झारे, परात. ज्याच्या घरी कार्य असेल तो नेतो, कुणी भाडं घेत नाही. एखाद्याला पातेल्याचा कान तुटलेला दिसला तर तो डाग देऊन जोडून परत ठेवतो आणि पुढच्याला चांगलं पातेलं मिळतं. ज्याला येतं तो दुरुस्त करतो, बाकीचे नुसते वापरतात. तसंच हे. दाजी म्हणाले की त्यांच्या गल्लीतले झारे दर लग्नात एकेक कमी होत जातात, त्याचं काय? मी सांगितलं की ह्यातला झारा कितीही जणांनी नेला तरी जागेवरच राहतो.

माझ्या कागदावर शेवटी तीन पर्याय उरले. त्यांची खरी नावं आमच्या जिभेवर बसली नाहीत. घरात ती चित्रांवरून ओळखली जाऊ लागली. एकावर तोंडात ब्रश धरलेलं लबाड चेहऱ्याचं जनावर होतं, तो कोल्हा. एकावर काळा सुळका, बर्फ वितळून खाली ओघळल्यासारखा, तो डोंगर. आणि तिसरं उघडताना एक झुपकेदार शेपटीची खार समोर यायची. जुना लॅपटॉप माझा होता. त्याला जोडायला एक काळी सपाट पाटी आणि तिचं पेन घेतलं. पाटीवर रेघ ओढली की ती पडद्यावर उमटते. हात एकीकडं आणि चित्र दुसरीकडं, हेच नवऱ्याला आधी पटेना. पहिल्या दिवशी तो पाटीवर वाकून बघत बसला, कारण चित्र तिथं यायला हवं असं त्याच्या मानेला वाटत होतं. मधेच त्यानं सवयीनं पेनाचं टोक ओठांत धरून ओलं केलं, ब्रशला टोक काढतात तसं. मी बघितलं नाही असं दाखवलं. तोही मी बघितलं नाही असं धरून चालला.

कागदावर माझ्या गरजा स्पष्ट होत्या. जुन्या लॅपटॉपवर धाप न लागता चालावं. पडद्यावर चौकोनांची जाळी दिसावी. रंगाची कड स्वच्छ तुटावी, कारण कडेला पुसट रंग आला तर तो धागा उचलायचा की नाही हे पंचिंगवाल्याच्या मशीनला कळत नाही. पाटी जोडल्याबरोबर ओळखावी. खुणांच्या हिशेबानं कोल्हा पहिला आला, म्हणून कोल्ह्यापासून सुरुवात केली.

कोल्ह्यात सगळं होतं. जाळी होती, मोजकेच रंग ठरवून ठेवायची सोय होती, आणि लॅपटॉप अजिबात कुरकुरला नाही. नवऱ्यानं तीन संध्याकाळी त्यावर काढलं आणि चौथ्या दिवशी म्हणाला की हे फोटोस्टुडिओवाल्याचं अवजार आहे. कुणाच्या तरी तोंडावरचे डाग काढायला बसल्यासारखं वाटतं. मी विचारलं, नेमकं काय होत नाही? तो म्हणाला, होतंय सगळं. मग अडचण काय? अडचण काही नाही. अशा उत्तरापुढं रकाने चालत नाहीत.

मग डोंगर. डोंगरात रेघ काढली की तिच्यावर ठिपके येतात आणि ठिपका धरून ओढला की सगळी रेघ वळते. माझ्या मते हे फारच सोयीचं. नवरा मात्र पाकळीची एक कड धरून बसायचा, ओढायचा, सोडायचा, आणि ती गांडुळासारखी वळवळत राहायची. "हिला एकदा ठेवली की ठेवली असं न्हायच की गं," तो म्हणाला. "कवाबी उठून चालायला लागंल." त्याच्या कामात एक चौकोन एकदा रंगवला की तो जन्माचा. चुकला तर ब्लेडनं खरवडायचा, आणि कागद पातळ झालेला सगळ्यांना दिसतो. डोंगर मी माझ्याकडं ठेवून घेतला. आता शाळेचे सगळे फलक त्यातच होतात, मराठी वर आणि कन्नड खाली, आणि तपासणीला सरकारी साहेब यायचे असले की कन्नड वर.

खारीला माझ्या कागदावर सगळ्यात कमी खुणा होत्या. ती उघडायलाच इतका वेळ घ्यायची की मी एकीकडं कुकर लावून यायची. जुन्या लॅपटॉपला ती जड होती. काय काय बंद केल्यावर ती हलकी होते हे मी वाचून काढलं आणि एक दिवस त्यातच गेला. त्यात ब्रश इतके, की नवरा नुसता एकेक उघडून बघत बसला, साडीच्या दुकानात बायका बसतात तसा. मी दोनदा आठवण केली की आपल्याला चौकोनी टोकाचा एकच लागणार आहे. तो म्हणाला, "व्हय, पण बघू तर दे." मी समजले. लग्नासाठी मला बघायला आला होता, तेव्हाही असाच वेळ लावला होता.

माझ्या कागदावर 'आवडलं पाहिजे' असा रकानाच नव्हता.

खारीत आरशाची सोय आहे. पडद्यावर मधोमध एक उभी रेघ येते, आणि एका बाजूला काढलेलं दुसऱ्या बाजूला त्याच क्षणी उलटं उमटत जातं. मी ती त्याला दाखवली ती केवळ यादीत होती म्हणून. मी पोळ्या करत होते तेव्हा आतून त्याची हाक आली. नेहमीची हाक नव्हती, म्हणून तवा उतरवून गेले. पडद्यावर लाल कमळ होतं. त्यानं उजवीकडची पाकळी काढली होती, आणि डावीकडं तिची जोडीदारीण आपोआप आली होती. त्यानं माझ्यासमोर आणखी एक काढली. समोर दुसरी उमलली. त्यानं पेन उचललं, ती थांबली.

"हे पुरं झालं की गं," तो म्हणाला.

आयुष्यभर अर्धी फुलं काढलेल्या माणसाला काढता-काढता पुरं फूल दिसत होतं. कोल्हा आणि डोंगर दोघांवर मी त्याच संध्याकाळी काट मारली. खुणांचं काय झालं असं नवऱ्यानं मुद्दाम विचारलं. मी म्हटलं, पोळ्या गार होतायत.

त्यानंतर त्याला आवरणं अवघड झालं. संध्याकाळी गल्लीतले दोघं-तिघं विणकर येऊन बसायचे आणि हा त्यांना कमळ उमलवून दाखवायचा. एकदा बघून समाधान होईना, की पुन्हा दुसरं फूल. चुकलं तर मागं घ्यायची कळ मी त्याला शिकवली होती. पहिल्यांदा त्याला तिचा संशय आला, चुकलेलं नक्की जातंय कुठं म्हणून. मग विश्वास बसला आणि तो बरोबर असलेलंही मागं घेऊन पुन्हा काढायला लागला, कारण त्याला ते उमटताना बघायचं असायचं. अशानं दसऱ्याच्या आधी पंधरवडाभर एक काठ तयार झाला. हिरव्या जमिनीवर लाल कमळं. मालकांनी नमुना म्हणून वीतभर कापड विणून बघायचं ठरवलं. फाइल मी स्वतः पंचिंग सेंटरला पाठवली आणि नवऱ्यानं पाठवायच्या आधी तीनदा डोळ्यांखालून घातली.

नमुना विणून झाला त्या दिवशी मालकांचा फोन आला. ते रागावले नव्हते. त्यांना हसू आवरत नव्हतं, आणि ते जास्त वाईट.

"मी कमळं सांगितलती," ते म्हणाले. "ही तर संकेश्वरी मिरची आलीय. ती पण जोडीजोडीनं."

नवरा जाऊन नमुन्याची कापडी पट्टी घेऊन आला आणि टेबलावर पसरून बसला. खरंच मिरच्या होत्या. लांबट, अरुंद, टोकदार, लालभडक, दोन-दोन शेजारी. हिरव्या जमिनीमुळं तर मंडईतून उचलून आणल्यासारख्या. मला हसू फुटलं. ते मी लगेच दाबलं, पण त्याला ऐकू गेलं होतं. मालकांनी सांगितलं होतं की दिवाळीनंतरचं काम आता पंचिंग सेंटरमधल्या पोरांकडूनच करून घेऊ, तुम्ही कशाला त्रास घेता. मग ह्यानं माझ्यासमोर कोगनोळीला फोन लावला आणि दसरा झाला की येतो म्हणून सांगितलं. दाजींनी विचारलं, शर्ट पांढरा आणशील का रंगीत, पांढऱ्यावर तेल दिसतंय. हा म्हणाला, रंगीत आणतो.

फोन ठेवल्यावरही तो पट्टीकडं बघत होता. विणकरांच्या घरात काठ हातात आला की तो मधोमध दुमडून दोन्ही बाजू जुळतात का ते बघायची सवय असते. लग्नात आहेराची साडी हातात दिली तरी आमच्याकडची माणसं आधी काठ दुमडतात, मग साडीचं कौतुक करतात. त्यानंही पट्टी दुमडली. मग उलगडली आणि पुन्हा दुमडली.

"हे बघ," तो म्हणाला. "अर्ध्यात अर्धं पायजे. हितं अर्ध्यात पुरं बसलंय."

मला कळायला वेळ लागला. त्यानं पट्टीवर बोट ठेवून दाखवलं. माग आपली अर्धी बाजू स्वतः काढतो, म्हणून फाइलमध्ये अर्धंच कमळ जायला हवं होतं. ह्यानं आरसा लावून पुरं कमळ काढलं आणि पुरंच पाठवलं. पंचिंगवाल्यानं ते काठाच्या अर्ध्या जागेत दाबून बसवलं. अर्ध्या जागेत पुरं कमळ म्हणजे मिरची. मग मागानं ती मिरची उलट करून शेजारी दुसरी मिरची विणली. जन्मभर ज्यानं अर्धंच फूल काढलं, त्याला पुरं फूल बघायची इतकी गोडी लागली की माग समोर बसलाय हेच तो विसरला. आणि मी? मी फाइल पाठवताना तिचं नाव, तारीख आणि आकार तपासला होता.

दुरुस्ती सोपी होती. आरसा ठेवायचा, काढताना पुरं बघायचं, आणि पाठवायच्या आधी मधल्या रेघेवर कापून डावी बाजू टाकून द्यायची. आम्ही ती तिथल्या तिथं केली. कापल्यावर तो डावी बाजू पडद्यावर शोधायला लागला. मी म्हटलं, टाकून नाही दिलं, वेगळं ठेवलंय. पण दुरुस्त फाइल समोर असूनही तो उठेना. मालकांना आता कुठल्या तोंडानं सांगायचं? दाजींना शब्द दिलाय. चूक झाली ती झाली.

"शब्द दसऱ्यानंतरचा दिलाय ना?" मी म्हटलं. "दसरा अजून यायचाय. उठा."

"तुझं आपलं ऑफिस झालंय. तारखेच्या आत अर्ज."

"हो. उठा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं शहापूरला मालकांकडं गेलो. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून त्यानं पोटाशी धरला होता. लॅपटॉपची बॅटरी दम धरत नाही, म्हणून वायर घेऊन मी बरोबर. मालकांच्या ओसरीत बसायची जागा आणि विजेचं बटण ह्यात बरंच अंतर होतं, तेव्हा मालकांनाच खुर्ची उचलून भिंतीपाशी यावं लागलं. ही सुरुवात काही चांगली म्हणता येणार नाही. खार नेहमीप्रमाणे सावकाश उघडली. मालकांनी विचारलं, मिरच्या दाखवायला आणलाय काय? नवऱ्यानं पडद्यावर अर्धं कमळ आणलं.

"हे माझं काम," तो म्हणाला. मग आरसा लावला आणि पुरं कमळ समोर आलं. "आणि हे तुमच्या मागाचं. मी दोघांचं करून ठेवलतो."

मालक हसले. मग हसायचे थांबले आणि पुढं वाकले. त्यांनी आरसा काढायला सांगितला, मग लावायला सांगितला, मग पुन्हा काढायला. मला वाटलं त्यांना चूक समजावून घ्यायची आहे. त्यांनी बोट पडद्याला लावलं आणि म्हणाले, "हे पान स्वल्प मोठं हुईल काय?"

नवऱ्यानं पान मोठं केलं. दोन्ही बाजूंची पानं मोठी झाली. मालकांनी दुसऱ्या पाकळीचं टोक दाखवलं. तेही झालं. मग जमिनीचा हिरवा जरा गडद, मग अगदी गडद नको, मग आधीचाच. इतकी वर्षं मालकांना ग्राफमधलं काही कळायचं नाही. अर्ध्या फुलाच्या ठिपक्यांकडं बघून ते 'बरं' म्हणायचे आणि कापड आल्यावर जे असेल ते घ्यायचे. आता विणायच्या आधीच पुरा काठ त्यांच्यासमोर होता आणि त्यांच्या डोक्यात त्याबद्दल फार विचार होते. आम्ही उठलो तेव्हा त्यांनी आणखी चहा दिला. दुरुस्त फाइल त्याच दिवशी पंचिंगला गेली. चार दिवसांनी आलेल्या नमुन्यात कमळं कमळांसारखी होती, आणि त्याच वेळी दिवाळीनंतरच्या दोन काठांचं काम आलं.

इथं मी हुशारीनं हात झाडून बाजूला होणार होते. पण मालकांना आमच्या घरची वाट सापडली. ते संध्याकाळी फेरफटका मारायला म्हणून निघायचे आणि आमच्या घरी पोचायचे. ह्याच्या मागं खुर्ची घेऊन बसायचे. पान स्वल्प इकडं. ही कळी नको. नको म्हणजे असू दे, पण नको. नवऱ्याला इतकी वर्षं शांतपणे चित्र काढायची सवय होती, आणि आता कानाशी कुणीतरी पाकळीपाकळीला मत देत होतं. मालक गेले की तो माझ्यापाशी तक्रार करायचा. ग्राफच बरा होता, कुणाला काय कळायचं तरी न्हाय. मी विचारायची, मग जाऊ या का परत ग्राफवर? तो पेन उचलायचा आणि मालकांनी काढायला लावलेली कळी परत घालायचा.

दाजींना मात्र कुणी काही कळवलं नव्हतं. मला वाटायचं हा सांगेल. त्याला वाटत होतं मी सांगेन.

खंडेनवमीला गल्लीतले सगळे माग बंद असतात. मागांना झेंडूच्या माळा घालतात, हळदकुंकू लावतात, आणि त्या दिवशी वडगावात इतकी शांतता असते की स्वतःच्या घरातलं घड्याळ ऐकू येतं. माग बंद म्हटल्यावर मालकांना घरी करमेना. पूजा आटोपून ते सकाळीच आमच्याकडं आले, कपाळावर ओलं कुंकू घेऊन. पदरात कमळाशेजारी पोपट घालायचा की मोर, असा वाद होता. नवऱ्याचं म्हणणं मोर रुंद होतो, मालकांचं म्हणणं पोपट गरीब दिसतो. दोघांचाही आवाज चढला होता. तेवढ्यात दाजींचा फोन आला.

नवऱ्यानं उचलला. पेन दुसऱ्या हातात तसंच. दाजी मोठ्यानं विचारत होते की उद्या दसरा, परवा सकाळच्या गाडीनं येतोयस ना, का इथनं कुणाला पाठवू? मालक मधेच म्हणाले, मोराचा पिसारा मिटलेला दाखवा की.

"दाजी, मागनं करतो फोन," नवरा म्हणाला. "हितं मोराचं ठरंना झालंय." आणि फोन माझ्या हातात देऊन तो परत पाटीकडं वळला.

दाजींनी मला विचारलं, मोर? कुठला मोर? मी त्यांना सगळं सांगितलं, मिरच्यांपासून. ते ऐकत होते. मागं कढईत काहीतरी पडल्याचा आवाज येत होता आणि कुणीतरी हिशेब मागत होतं.

"म्हंजे येत न्हाय तो."

"नाही दाजी. तुम्ही दुसरा माणूस बघा."

"बघतो. पण वहिनी, मेव्हणा म्हंजे शिव्या घालून बसवता आला आसता. आता परक्याला सायेब म्हणाय लागणार." मग आवाज जरा खाली करून त्यांनी विचारलं, "बरा काढतोय का पर मोर?"

मी पडद्याकडं बघितलं. एका बाजूला मोर होता, दुसऱ्या बाजूलाही मोर होता, आणि मालक डावीकडच्या मोरावर बोट ठेवून सांगत होते की ह्याची मान जरा लहान करा, उजवीकडचा ठीक आहे. दोघांची मान एकदमच लहान होणार, हे नवरा त्यांना पुन्हा पहिल्यापासून समजावत होता. मी दाजींना म्हटलं, चांगला काढतोय, पण दुपारपर्यंत तरी होणार नाही. आणि मालकांच्या जेवणाचं बघायला आत गेले.